हत्यारं वापरायला देताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की आमच्या लांज्याकडे बागा साफ करायची घाई सुरू होते. काजूच्या बुंध्याशी कमरेएवढं गवत, मजूर मिळत नाहीत, आणि ग्रास कटर वाडीत दोघा-तिघांकडेच. त्यातला एक माझ्याकडे आहे. जोडीला ड्रिल, चार इंची ग्राइंडर आणि मोठी शिडी. बारा वर्षं मी ही हत्यारं लोकांना देतोय, घरच्यासारख्यांना तशीच आणि बाकीच्यांना भाड्याने. या काळात जी मशीनं बिघडली, त्यातली बहुतेक देताना दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या म्हणून बिघडली. नेणारा घाईत असतो, देणाराही जेवणावरून उठून आलेला असतो.

'हेच पेट्रोल घाल' एवढंच सांगणं

ही चूक माझी स्वतःची आहे आणि ती मला महागात पडली. दिवाळीनंतर शेजारच्या वाडीतले एक काका दोन दिवसांसाठी ग्रास कटर घेऊन गेले. मी पेट्रोल आणि ऑइलचं दोन लिटर मिश्रण करून कॅनमध्ये दिलं आणि म्हटलं, "काका, हेच घाला." का, ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी दुपारीच कॅन संपला. बाग अर्धी राहिलेली, गडी रोजावर उभा. त्यांच्या पुतण्याने मोटरसायकलमधलं पेट्रोल काढून टाकीत ओतलं. मशीन सुरू झालं, थोडा वेळ जोरात चाललं आणि एकदम थांबलं. नंतर दोरी ओढली तर जागची हलेना.

मेकॅनिकने सिलिंडर उघडून दाखवला. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते, रिंग जागेवरच चिकटून बसली होती. पूर्ण सेट बदलावा लागला. काका म्हणाले, "पेट्रोलच तर घातलं, रॉकेल नाही घातलं." त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी जागा नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी तर नाही. पैशांचं आम्ही निम्मं-निम्मं केलं, पण पुढे वर्षभर ते माझ्या अंगणात आले नाहीत. त्याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आता मी टाकीच्या झाकणाला तारेने पत्र्याची चकती बांधली आहे: 'ऑइल मिसळल्याशिवाय पेट्रोल नको'. माझ्या मशीनला ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. काही मशीनला २५:१ लागतं, तिथे ४० मिली. आपल्या मशीनच्या पुस्तकात पाहून घ्या. ऑइलची बाटली आणि मापाचं झाकण मशीनसोबतच देतो, आणि पहिल्यांदा नेणाऱ्याला माझ्यासमोर एक लिटर मिसळायला लावतो. अंदाजाने ओतणारा माणूस दिसला की मी मशीन देत नाही. आणि तुमचा कटर फोर-स्ट्रोक असेल तर उलटं सांगा: त्यात ऑइल वेगळं भरायचं असतं, टाकीत साधंच पेट्रोल.

पातं फिरत असताना चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे गोळीसारखे उडतात. आजूबाजूला १५ मीटरच्या आत कुणी नको, पोरं तर नकोतच. चष्मा मी मशीनसोबतच देतो.

भाडं घ्यायचं, पण जबाबदारी जुनीच समजायची

शंभर-दोनशे रुपये घेतले की आपण फक्त मदत करतोय, असं अनेकांना वाटत राहतं. कायदा तसं मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम १५० सांगतं की वस्तू फुकट दिली तर आपल्याला माहीत असलेला धोक्याचा दोष घेणाऱ्याला सांगणं आपलं काम आहे. भाड्याने दिली, तर दोष आपल्याला माहीत नसला तरी त्यातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येते. वायरचं आवरण सोललेला ड्रिल भाड्याने देणाऱ्यांनी हे नीट वाचावं. नेणाऱ्यालाही बंधनं आहेत. कलम १५१ प्रमाणे सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची, आणि कलम १५४ प्रमाणे ठरल्यापेक्षा वेगळ्या वापरातून नुकसान झालं तर ते भरून द्यायचं. माझ्याकडून नेऊन परस्पर मेहुण्याला देणं मला याच कारणासाठी अजिबात चालत नाही.

म्हणून भाड्याचं मशीन देण्याआधी मी ते दोघांसमोर चालू करून बघतो, वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपतो, मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढतो आणि वहीत तारीख, काम, परतीचा दिवस लिहून सही घेतो. नातेवाइकांना सही मागायला संकोच वाटतो हे खरं, पण वही सगळ्यांसाठी एकच ठेवली की कुणाला वाईट वाटत नाही.

ग्राइंडरचं गार्ड काढणं

यावर मी वाद घालत नाही. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढलेलं दिसलं की त्या माणसाला माझा ग्राइंडर पुन्हा मिळत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ ते १२ हजार फेरे घेतो. सात इंची चकतीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून, भोक जुळवायला बुश (मधली कडी) घालून ती चार इंचीवर चढवली तर ती फुटू शकते, आणि तुकडे तोंडाच्या उंचीवरून जातात. लाकडाचं दातेरी पातं लावणंही तितकंच वाईट. दात अडकला की मशीन हातातून उसळते. 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणणाऱ्या नवशिक्याला मी सांगतो, करवत घे, अर्धा तास लागू दे.

बाकीच्या, थोडक्यात

बारीक वायरीचं लांब एक्स्टेंशन. ०.७५ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर नऊ अँपिअरच्या मशीनला लावली तर वीसेक व्होल्ट वायरीतच जातात. गावात व्होल्टेज आधीच कमी, मग मोटर तापणारच. गुंडाळी पूर्ण उलगडा, आणि अर्थिंगची तिसरी पिन कधीही तोडू नका.

चिऱ्याच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) चालू ठेवून भोक पाडणं. भोक रुंद होतं, गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) ढिली बसते. हॅमर बंद करून नुसतं फिरवा.

बिट, चकत्या, पाती उसनी देणं. झिजणारी वस्तू ज्याची त्याने आणावी.

शिडी देताना पाय आणि पायऱ्या न तपासणं. ॲल्युमिनियमची असेल तर विजेच्या तारांजवळ नेऊ नका, हे प्रत्येक वेळी सांगा, समोरचा वायरमन असला तरी.

टाकीत पेट्रोल ठेवून मशीन परत घेणं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, पुढच्या हंगामापर्यंत कार्बोरेटर चोंदतो. मी परत आणणाऱ्यासमोरच टाकी रिकामी करतो, आणि कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत त्याला चहाला थांबवतो.