दुबईला नोकरीसाठी जाताना: बँक खाती आणि पैशांची व्यवस्था

नोकरीसाठी दुबईला जाणाऱ्या माणसाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे: भारतात मिळणारा पैसा आणि तिकडे कमावलेला पैसा यांची खाती पहिल्या पगारापासून वेगळी ठेवावीत. एकदा दोन्ही पैसे एकाच खात्यात मिसळले की कोणता कुठून आला हे वर्षानुवर्षांनी कागदोपत्री दाखवणे फार जिकिरीचे होते.

फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती निघाल्यापासूनच अनिवासी मानली जाते, त्यामुळे गावच्या शाखेतले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या मिळकतीसाठीच्या खात्यात बदलून घ्यावे आणि घरभाडे, लाभांश, जुन्या ठेवींचे व्याज अशी इथली मिळकत त्यात जमा होऊ द्यावी. पगार पाठवण्यासाठी स्वतंत्र एनआरई, म्हणजे अनिवासीच्या परदेशी कमाईसाठीचे रुपयांतले खाते उघडावे. एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि त्यातली रक्कम कोणत्याही मर्यादेशिवाय परत बाहेर नेता येते. एनआरओच्या व्याजातून मात्र 30 टक्के कर आणि त्यावरचा उपकर आधीच कापला जातो, आणि त्यातून बाहेर न्यायच्या रकमेला आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा आहे. अमिरातीचे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (तुम्ही करासाठी तिथले रहिवासी आहात असा तिथल्या सरकारचा दाखला) बँकेला दिल्यास दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे ही कपात साडेबारा टक्क्यांवर येऊ शकते. एनआरओमध्ये मोठी ठेव असेल तर तेवढी खटपट करण्यासारखी आहे.

पैसे थेट वडिलांच्या खात्यात पाठवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. घरखर्चापुरते ते ठीकच आहे, आणि जवळच्या नातेवाइकाला दिलेल्या भेटीवर करही लागत नाही. पण बचतही तिथेच साठवली तर तिचे व्याज वडिलांच्या उत्पन्नात धरले जाते आणि तो पैसा कायद्याने तुमचा राहत नाही.

आयकराचा हिशेब वेगळा असून तो दिवसांवर चालतो. नोकरीसाठी बाहेर पडलेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर त्या वर्षापुरता तो अनिवासी धरला जातो, म्हणजे प्रस्थान साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी व्हायला हवे. ऑक्टोबरात निघालेल्या माणसाला त्या वर्षी मार्चअखेरपर्यंतचा दुबईचा पगारही भारतात करपात्र दाखवावा लागू शकतो, आणि तिकडे पगारावर कर नसल्यामुळे इथल्या करातून वजा करायला तिकडे भरलेला कर काहीच नसतो. रुजू होण्याची तारीख पुढेमागे करता येत असेल तर सही करण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे.

पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅटच्या केवायसीमध्ये अनिवासी दर्जा नोंदवावा. ओटीपीसाठी भारतातले सिमकार्ड रिचार्ज करून रोमिंगसह चालू ठेवावे. इतक्या क्षुल्लक गोष्टीवाचून अख्खे नेटबँकिंग अडते.

दुबईत खाते उघडण्यासाठी बँका सहसा एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथले सरकारी ओळखपत्र मागतात. नेमणूकपत्रातील मूळ पगाराचा आकडा नीट वाचावा, कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, त्याच आकड्यावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी 21 दिवसांचा आणि पुढे 30 दिवसांचा मूळ पगार. पैसे पाठवताना शुल्क आणि दर वेगवेगळे पाहण्यापेक्षा हातात शेवटी किती रुपये पडतात तेवढेच विचारावे. दिरहम हे तिथले चलन एका डॉलरला 3.6725 या दराने बांधलेले असल्याने रुपयाची चढउतार मुख्यतः डॉलरमागेच चालते, तेव्हा रोज दर बघत बसण्यात अर्थ नाही. बँकेबाहेरून परस्पर पैसे पोचवणारा हवालावाला चार पैसे जास्त देईल, पण तो व्यवहार बेकायदेशीर आहे आणि उद्या घर घेताना पैशाचा उगम दाखवणारा कागद त्याच्याकडून मिळणार नाही.

नोकरी सोडून कायमचे परतताना तिथले कर्ज आणि क्रेडिट कार्ड फेडून बँकेचे ना-देय पत्र घ्यावे, आणि भारतात आल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात किंवा, डॉलरमध्येच रक्कम ठेवायची असल्यास, आरएफसी, म्हणजे परतलेल्या निवासीच्या परकीय चलनातल्या खात्यात वळवून घ्यावे.