वोडका कोळशातून गाळून फरक पडतो का? घरी असं तपासा

कोळशातून गाळली की कसलीही दारू शुद्ध होते, असं बैठकीत कुणीतरी हमखास ठणकावून सांगतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोळसा वास आणि रंग धरतो हे रसायनतज्ज्ञ योहान लोवित्झने रशियात १७८५ मध्ये दाखवलं, आणि वोडका बनवताना आजही त्याचा वापर होतो. फ्यूजेल तेलं, म्हणजे घशाला झोंबणारे जड घटक, तो बऱ्यापैकी पकडतो. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, त्याचा रेणू मात्र दारूतल्या नेहमीच्या अल्कोहोलसारखाच, म्हणजे इथेनॉलसारखाच छोटा, पाण्यात मिसळून जाणारा; तो सरळ खाली उतरतो. त्यामुळे हातभट्टीची दारू गाळून प्यायचा विचारही नको. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली. शिवाय घरी भट्टी लावणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. प्रयोगासाठी दुकानातली स्वस्त वोडका पुरे.

एकाच ब्रँडच्या, १८० मिलीच्या दोन क्वार्टर घ्या. वय पंचवीस हवं आणि दारूचं परमिटही. नारळाच्या करवंटीपासून बनवलेला, दाणेदार, फूड ग्रेड ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा, मागा. शेगडीतला कोळसा चालत नाही, आणि फिशटँकसाठीचा तर नकोच.

दोन-तीन चमचे कार्बन पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि वरचं काळं पाणी ओतून द्या. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहा. सगळी कटकट इथेच आहे, पण घाई केलीत तर ग्लासच्या तळाशी काळी पूड बसते. काचेच्या नरसाळ्यात कॉफीचा फिल्टर पेपर लावून त्यात ओला कार्बन भरा. गॅस बंद ठेवा, वोडका पेट घेते. मग थेंब थेंब पडेल इतकी सावकाश ओता. सुरुवातीचे दोन-तीन चमचे पाणचट येतात, ते टाकून द्या.

दुसरी क्वार्टर नुसत्या पेपरातून काढा, नाहीतर फरक कोळशाचा की कागदाचा हे कळणार नाही.

आता खरी परीक्षा. तुमची पाठ वळवून मित्राला तीन ग्लास भरू द्या: दोनांत एकच वोडका, तिसऱ्यात दुसरी. तिन्हींत बरोबरीने पाणी घाला, बर्फ नको. वेगळा ग्लास नुसत्या वासावरून ओळखा. घोट घेत बसलात तर पाचव्या फेरीला सगळंच गुळगुळीत लागतं. अशा दहा फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने तीन-चार जमतातच, सात जमले तरच फरक खरा माना. त्यानंतर आवडली कोणती, तेही विचारा.

स्वस्त वोडकेचा झणका थोडा कमी होतो. चांगल्या वोडकेत मुळातच काढण्यासारखं फारसं नसतं, तिच्यावर कार्बन वाया घालवू नका. रममध्ये तर अजिबात नको: रंग जातो, आणि ज्या वासासाठी ती घेतली तोही सोबत जातो.