नवा एअर फिल्टर बसवण्याआधी काय काय हाताशी हवं

बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, एअर फिल्टर मोटरसायकलमध्ये बसवायला हात बसलेल्या माणसाला अर्धा तास पुरतो. तयारीला मात्र मी एक अख्खी संध्याकाळ ठेवतो, आणि ती वेगळी ठेवावी असं मनापासून सांगतो. या कामात जे बिघडतं, ते बहुतेक वेळा सीट उघडायच्या आधीच बिघडलेलं असतं: चुकीच्या मापाचा फिल्टर आणलेला असतो, ऑइल लावायचं राहिलेलं असतं, नाहीतर धुळीने माखलेल्या गाडीचं झाकण तसंच उघडलेलं असतं.

फिल्टर कशासाठी आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. १५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमवर फिरत असताना मिनिटाला ४,००० वेळा हवा ओढतं. साध्या हिशेबाने ही मिनिटाला सुमारे ६०० लिटर हवा झाली. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते, म्हणजे वाळूचीच पूड. ती सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आधी रिंगा झिजतात, मग सिलिंडर, आणि एक दिवस गाडी ऑइल खायला लागते. म्हणून फिल्टर निवडताना माझा पहिला प्रश्न धूळ किती अडते हा असतो, हवा किती मोकळी जाते हा दुसरा. पाकिटावर किंवा उत्पादकाच्या माहितीत आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे दिलेले असतील तर ते वाचा. एअर फिल्टर धूळ किती अडवतो, हवेला अडथळा किती करतो आणि भरेपर्यंत किती धूळ पोटात घेतो, हे तिन्ही त्या चाचणीत मोजतात. नुसतं ‘हाय फ्लो’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

कंपनीच्याच एअर बॉक्समध्ये जुन्या फिल्टरच्या जागी जसाच्या तसा बसणारा फिल्टर हवा, की एअर बॉक्स काढून टाकून कार्ब्युरेटरच्या किंवा (इंजेक्शनच्या गाडीत) थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडावर शंकूच्या आकाराचा फिल्टर लावायचा, हे आधीच ठरवा. रोजच्या गाडीला माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. एअर बॉक्स ही नुसती प्लास्टिकची पेटी नसते. ती हवेला शांत करते, पावसाचं पाणी बाहेर ठेवते, आणि तिचं आकारमान इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेलं असतं. ती काढली की आवाज भारदस्त येतो, पण मधल्या आरपीएमची ओढ बऱ्याचदा कमी होते, शिवाय फिल्टर चिखल-पाण्यासमोर उघडा पडतो. जागच्या जागी बसणाऱ्या फिल्टरकडूनही पिकअपची मोठी आशा धरू नका. बाकी काही न बदलता नुसता फिल्टर बदलला तर फरक फार थोडा असतो. त्याचा खरा फायदा म्हणजे तो धुऊन पुन्हा वापरता येतो.

फिल्टर हातात आला की लगेच पाकीट फेकू नका. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट त्यावरच्या यादीशी ताडून पाहा. एकाच नावाच्या गाडीत कार्ब्युरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या आवृत्तीचे एअर बॉक्स वेगळे असू शकतात. जुना फिल्टर काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवा आणि डोळ्यांनी नव्हे, बोटांनी तपासा. कड सगळीकडे सारख्या जाडीची आहे का, रबर दाबल्यावर परत वर येतं का, कोपऱ्यांची गोलाई तंतोतंत तीच आहे का. मिलिमीटरभर पातळ कडसुद्धा चालत नाही.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. एकदा मी माझ्या गाडीत नवा फिल्टर बसवला, वरून बघता चपखल बसला होता. दोन हजार किलोमीटरनंतर सहज झाकण काढलं, तर आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूला, डाव्या कोपऱ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत एक भुरकट रेघ गेलेली दिसली. केसाएवढी बारीक. त्यावर बोट फिरवून चिमटीत चोळलं तर करकर लागली. त्या कोपऱ्यात रबराची कड बसवताना आत दुमडली गेली होती, आणि झाकण दाबून बंद केल्यामुळे ती तशीच राहिली. फिल्टरचं कापड उत्तम होतं, त्यातून धूळ गेलीच नव्हती. ती बाजूने गेली. तेव्हापासून कडेला लावायच्या ग्रीसची छोटी डबी माझ्या तयारीत सगळ्यात वर असते.

आता इंधनाची बाजू. कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि हवा बरीच वाढणार असेल, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, गाडी लीन चालते. मग मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा भोकाचा छोटा तुकडा, मोठा लागतो, कधी कमी रेसला काम करणारा पायलट जेटही, कधी कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी लागते. शंकूचा फिल्टर लावणार असाल तर एक-दोन मापं मोठे जेट आधीच आणून ठेवा. नाहीतर गाडी उघडी पडून राहते आणि माणूस बाजार पालथा घालतो. ज्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या दाबावर स्लाइड वरखाली होते, ते सीव्ही प्रकारचे कार्ब्युरेटर उघड्या फिल्टरला जास्तच कुरकुरतात. एअर बॉक्स तसाच ठेवून फक्त आतला फिल्टर बदलत असाल तर बहुतेक वेळा जेटला हात लावावा लागत नाही, पण स्पार्क प्लग बघितल्याशिवाय तसं गृहीत धरू नका.

इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, काही प्रमाणात सांभाळून घेतो. सायलेन्सरकडे ऑक्सिजन सेन्सर असेल तर संथ, एकसारख्या वेगात तो पेट्रोलमागे वजनाने १४.७ पट हवा हे प्रमाण धरून ठेवायला बघतो. पूर्ण रेस दिली की मात्र ईसीयू आत लिहून ठेवलेल्या तक्त्यावर चालतो, तेव्हा सेन्सरचं ऐकत नाही. बहुतेक मोटरसायकली आत येणारी हवा थेट मोजत नाहीत. थ्रॉटल किती उघडला आणि इनटेकमध्ये दाब किती, यावरून अंदाज बांधतात. म्हणून छोटा बदल पचतो, मोठा बदल रीमॅप, म्हणजे तो तक्ता नव्याने लिहिणं, मागतो. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एक गोष्ट सारखीच लागू आहे: काम सुरू करायच्या आधी गाडी आज कशी आहे याची नोंद करा. आयडल (रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाचे) आरपीएम, टाकीमागचं अ‍ॅव्हरेज, आणि प्लग काढून त्याच्या टोकाचा फोटो. फिकट तपकिरी रंग बरा. पांढरा फटक म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. हा फोटो नसेल तर नंतर कशाशी तुलना करणार?

वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी वाचा, आणि धूर-आवाजाचे तुमच्याकडचे नियमही पाहून घ्या. एअर बॉक्सच काढणार असाल तर हे आणखीच गरजेचं.

सामान जमवताना आधी सर्व्हिस मॅन्युअल शोधा. तुमच्या गाडीचा एअर बॉक्स सीटखाली आहे, टाकीखाली आहे की बाजूच्या पॅनलमागे, यावर अर्धं काम ठरतं. ८ आणि १० मिलिमीटरचे टी-पाने, अ‍ॅलन की आणि टोक न झिजलेला स्क्रूड्रायव्हर लागतो. जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. त्यांना साधा फिलिप्स ड्रायव्हर लावला की तो वर सटकतो आणि स्क्रूचं डोकं खातो, त्यामुळे त्या मापाचा एक ड्रायव्हर घेऊनच ठेवा. टॉर्च, तंतू न सुटणारं फडकं, हातमोजे, मास्किंग टेप, पेन, आणि स्क्रू ठेवायला खणांचा ट्रे. एकाच झाकणाचे स्क्रूसुद्धा लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ट्रेमध्ये मांडा.

फिल्टर फोमचा किंवा कापसाच्या जाळीचा असेल तर तो कोरडा आलाय की ऑइल लावून, हे पाकिटावर बघा. कोरडा असेल तर आदल्या संध्याकाळीच ऑइल लावा, आणि ते फिल्टरसाठीचंच असू द्या. इंजिन ऑइल चिकटून राहत नाही, खाली उतरून साचतं. कापसाच्या जाळीवर प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एकच बारीक धार सोडायची आणि वीसेक मिनिटं थांबायचं. ऑइल स्वतःहून आत भिनतं, रंग एकसारखा दिसायला लागतो, कुठे फिका ठिपका राहिला तर तिथेच एक थेंब. फोमला ऑइल लावून हलक्या हाताने दाबायचं, पिळायचं नाही. पिळलं की फोम फाटतो, सांधे उकलतात. जादा ऑइलही नको, ते ओघळून सेन्सरवर आणि थ्रॉटल बॉडीत जातं. फिल्टर धुवायची वेळ येईल तेव्हा पेट्रोल वापरू नका: आगीचा धोका तर आहेच, शिवाय सांध्यांचा गोंद सुटतो. कापसाच्या फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, घड्या विस्कटतात. सावलीत वाळू द्या.

गाडी आदल्या दिवशी धुऊन कोरडी करा. मला हीच तयारी सगळ्यात मोलाची वाटते आणि हीच जास्त चुकवली जाते. एअर बॉक्सच्या झाकणाभोवती, सीटखालच्या खोबणीत, टाकीच्या पोटाशी धूळ साचून बसलेली असते. झाकण उचललं की ती सरळ आत पडते. उघडायच्या आधी झाकणाची कड ओल्या फडक्याने पुन्हा पुसून घ्या. जागा बंदिस्त, वारा नसलेली आणि उजेडाची असू द्या. फिल्टर उघडा असताना शेजारी कुणी झाडू मारत नाही ना, तेही बघा.

कामाच्या दिवशी इंजिन थंड असू द्या. टाकी उचलावी लागणार असेल तर ती निम्म्याहून कमी भरलेली बरी. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजेक्शनच्या गाडीत पाइपमध्ये दाब असतो, तो मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच उतरवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. प्रत्येक पायरीला फोटो घ्या. एअर बॉक्सला येणारी क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी), दुय्यम हवेची (सायलेन्सरच्या बाजूला हवा देणारी) नळी, हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर या सगळ्यांवर टेपच्या चिठ्ठ्या लावा. शंकूचा फिल्टर लावणाऱ्यांनी ब्रीदर नळीचं काय करायचं हे आजच ठरवावं. ती मोकळी सोडली की ऑइलची वाफ मागच्या टायरकडे जाऊ शकते. तिला छोटा स्वतंत्र फिल्टर लावून सुरक्षित जागी बांधा.

जुना फिल्टर निघाला की इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात फडक्याचा मोठा, रंगीत बोळा ठेवा. लहान किंवा काळं फडकं नको, ते आत विसरलं जातं. मी बोळ्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवतो. मग एअर बॉक्स आतून पुसा, तळाची ड्रेन नळी मोकळी करा, आणि जुन्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूकडे पाहा. तिथे धूळ असेल तर ती कुठून आली हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा, फिल्टरवरचा बाण किंवा खूण मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि झाकण लावण्याआधी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवा. प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू आधी थोडे उलटे फिरवा, टक असं जाणवलं की मग सुलटे घ्या, म्हणजे जुन्या आट्यांतच बसतात. हातानेच आवळा, जोर लावला की आटे गेलेच समजा. बोळा बाहेर आला का, ते झाकणाआधी एकदा मोठ्याने म्हणा.

गाडी चालू करून आयडलला ठेवा आणि ऐका. शीळ येत असेल तर कुठेतरी हवा गळतेय. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, आयडल वरखाली, रेस सोडूनही आरपीएम रेंगाळणं, ही लीन मिश्रणाची लक्षणं आहेत. शंभरेक किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून फोटोशी ताडा, झाकण उघडून पांढऱ्या फडक्याने नळीचं तोंड आतून पुसा, आणि फडकं पांढरंच राहिलं तर किलोमीटरचा आकडा व तारीख टेपवर लिहून सीटखाली चिकटवा.