भाड्याच्या घरात अडचण आली तर: सांगलीतील भाडेकरूने मदत कोठे आणि कशी मागावी

जुलै २०२१ च्या पुरात सूर्यवंशी प्लॉट परिसरातील आमच्या भाड्याच्या खोलीत कमरेइतके पाणी आले, तेव्हा करारपत्र आणि भाड्याच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर डबा उघडला, तर स्टँपपेपरचा लगदा झाला होता आणि पावत्यांवरची निळी शाई एकीतून दुसरीत उतरली होती. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांना आम्ही तेथेच राहतो हे शेजाऱ्यांकरवी पटवून द्यावे लागले. पुढे खोली सोडताना, तीस हजारांची अनामत तुम्ही दिलीच नव्हती, असे घरमालकांनी सांगितले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे करार किंवा पावती उरली नव्हती. त्यानंतर मदतीसाठी मी ज्या ज्या कार्यालयात गेले, तेथे पहिला प्रश्न कागदाचाच निघाला, म्हणून या माहितीची सुरुवातही तेथूनच करते.

आपल्याकडे अजून असा समज आहे की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, स्टँपपेपरवर नोटरी केली की काम झाले. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चाची भीतीही अनाठायी आहे. सात हजार रुपये भाडे, तीस हजार अनामत आणि अकरा महिने मुदत धरली, तर एकूण भाडे अधिक अनामतीवरील दहा टक्के वार्षिक दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे २०० रुपये होतात. त्यावर महापालिका क्षेत्रात १००० रुपये नोंदणी फी आणि थोडा हाताळणी खर्च येतो. नोंदणी ऑनलाइनही होते, आणि हा खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याची रीत बहुतेक ठिकाणी चालते.

सह्या झाल्यावर करार एकदा शांतपणे वाचावा, कारण तुम्ही कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू आहात की परवानाधारक, यावर पुढचे बरेच काही ठरते. गावभागातील जुन्या वाड्यात पिढ्यान्पिढ्या राहणारे कुटुंब सहसा भाडेकरू असते. त्याला थकलेल्या भाड्यासाठी बाहेर काढायचे, तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढील भाडे नियमित भरत राहिले, तर केवळ थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. याउलट विश्रामबागेत फ्लॅट घेतलेला विद्यार्थी किंवा कुपवाड एमआयडीसीतील कामगार बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. त्याने मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मालक अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि नूतनीकरणाचे बोलणे दोन महिने आधी सुरू करा.

भाडे नियंत्रण अधिनियमाखालील भाडेकरूला आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पुरेशा कारणाशिवाय पाणी किंवा वीज तोडता येत नाही, आणि तोडल्यास न्यायालयाकडून ती पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो. तसेच छत गळत असेल व मालक लक्ष देत नसतील, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करून घेता येते आणि तो खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षभरात एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय कुलूप ठोकून सामान बाहेर काढले गेले, तर आधी ११२ वर फोन करून घटनेची नोंद करावी आणि लगेच वकिलाला गाठावे, कारण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अनेक जण येथेच थांबतात, आणि मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते याच ठिकाणी. सांगलीच्या विजयनगर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मी स्त्री असल्यामुळे मला उत्पन्नाचा दाखलाही काढावा लागणार नव्हता, हे मला तेथील बाकावर बसल्यावर कळले. तोवर मी एका वकिलांच्या कार्यालयात सल्ल्याचे पैसे भरून आले होते. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात काय घडले ते तारखांसह लिहावे, सोबत आधार कार्ड आणि असतील ते कागद जोडावेत. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. प्रकरण कोर्टात जाण्यापूर्वीच लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करता येते. तेथे तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही, म्हणून आकडा पटल्याशिवाय सही करू नये. माझ्याकडे करार नव्हता, पण अनामत दिली त्याच दिवशी बँकेतून तीस हजार काढल्याची पासबुकातील नोंद होती, आणि शेजारच्या काकूंनी पैसे देताना पाहिले होते. तेवढ्यावर बावीस हजार परत मिळाले. अनामतीचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो, हेही लक्षात असू द्या. मालकांना लेखी मागणी पाठवताना स्पीड पोस्टाने पोहोच घेऊनच पाठवावी.

पैशाच्या मदतीबाबत खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. थकलेले घरभाडे भरून देणारी सर्वसाधारण सरकारी योजना नाही. त्यामुळे भाड्यासाठी हातात रक्कम उरेल, अशा रीतीने दुसरे खर्च हलके करावे लागतात. शिधापत्रिका दुसऱ्या गावची असली, तरी पात्र कुटुंबाला आधार पडताळणीनंतर आपल्या वाट्याचे धान्य येथील रास्त भाव दुकानातून घेता येते. आजारपणाचा खर्च असेल, तर मिरजेचे किंवा सांगलीचे शासकीय रुग्णालय गाठून महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आधी विचारावे. बचत गटाचे अंतर्गत कर्ज आणि पतसंस्थेतील पिग्मीवरचे कर्ज हे मार्ग खाजगी सावकारापेक्षा कधीही सुरक्षित आहेत. सावकाराकडे जावेच लागले, तर परवाना पाहिल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. कोरा धनादेश किंवा कोऱ्या स्टँपपेपरवर सही मागितली, की तेथून उठून यावे.

पूर आला, तर पंचनाम्याच्या वेळी घरात कोणीतरी थांबलेच पाहिजे. मालकाच्या नावाने पंचनामा झाला आणि भिजलेले सामान मात्र तुमचे, अशी गोष्ट नेहमी घडते. म्हणून रहिवासी म्हणून आपले नाव लिहिले गेले का ते पाहावे, आणि सामान हलवण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या रेषेसह फोटो काढावेत. माझे कागद आता प्लॅस्टिकच्या पाकिटात माळ्यावर असतात, आणि प्रत्येकाचा फोटो बहिणीच्या मोबाइलमध्येही आहे.

घर सोडावे लागण्याचे कारण घरातलाच माणूस असेल, तर मार्ग वेगळा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये भाड्याचे घरही सामायिक घरात, म्हणजे दोघे एकत्र राहिलेल्या घरात, धरले जाते, भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तशाच दर्जाची दुसरी जागा देण्याचा किंवा तिचे भाडे भरण्याचा आदेश देऊ शकतात. १८१ वर फोन केल्यास सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत पोहोचता येते, आणि तेथे निवारा, समुपदेशन व कायदेशीर साहाय्य यांची सोय असते.

राहिली मनाची गोष्ट, जिच्यासाठी रांगेत उभे राहायला आपल्याला अजून संकोच वाटतो. झोप उडाली असेल, दार वाजले की छातीत धडधडत असेल, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आधाराची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. एका खोलीत चार माणसे असली की फोनवर मोकळेपणे बोलता येत नाही, हे मी जाणते. लोकअदालतीच्या आदल्या संध्याकाळी मी आयर्विन पुलाजवळ, नदीकाठच्या एका पायरीवर बसून हा फोन लावला होता. पलीकडून मराठीत, घाई न करता, आधी जेवण झाले आहे का, असे विचारले गेले.