इंटरनॅशनल लॉ, सिक्युरिटी, डिप्लोमसी: या मास्टर्सचा अभ्यास नक्की करायचा कसा

या मास्टर्सचं नाव एवढं भारदस्त आहे की ॲडमिशन मिळाल्यावर लोकांना सांगताना छाती जरा फुगते, आणि पहिली रीडिंग लिस्ट हातात पडली की तिच्यातली हवा निघून जाते. मी यातून गेलेय म्हणून लिहितेय. बरेच जण विचारतात आधी कुठलं पुस्तक घेऊ, तर माझं म्हणणं पुस्तक नंतर घ्या, आधी मूळ कागद वाचायची सवय लावा, म्हणजे करार, ठराव, निकाल. आणि तेही शब्द न् शब्द.

त्याआधी एक गोष्ट कळून घ्या, डिग्री एक असली तरी आत तीन माणसं बसलीत आणि तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. वकील विचारतो, नियम काय होता आणि मोडला कोणी. सिक्युरिटीवाला विचारतो, ताकद कोणाकडे होती आणि भीती कोणाला वाटत होती. डिप्लोमसीवाला म्हणतो ते सगळं ठीक आहे हो, पण आता दोघांचंही नाक न कापता यातून बाहेर कसं पडायचं ते बोला. एकच घटना घेऊन तिघांच्या खुर्चीत आळीपाळीने बसता आलं की बरंच काम झालं.

यासाठी माझा आवडता सराव म्हणजे तेहरान. ४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थ्यांच्या जमावाने तिथला अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला आणि ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. आता वकिलाच्या खुर्चीत बसा. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ सांगतं की यजमान देशाच्या माणसांनी परवानगीशिवाय दूतावासात पाऊल टाकायचं नाही, आणि वर त्या जागेचं रक्षण करायची खास जबाबदारी पण यजमानाचीच. पण घुसले कोण? विद्यार्थी. सरकारी माणसं नव्हेत. मग इराण देश म्हणून दोषी कसा? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे १९८० च्या निकालात याचे दोन तुकडे केले. सुरुवातीचा हल्ला इराण सरकारच्या नावावर टाकता येत नाही, पण रक्षण केलं नाही हा दोष सरकारचाच, आणि नंतर इराणच्या क्रांतीचे नेते खोमेनींनी त्या कब्जाला उघड पाठिंबा दिला, तिथून पुढे ते कृत्य सरकारचंच धरायचं. 'कृत्य कोणाच्या खात्यावर मांडायचं' ही भानगड मग वर्षभर तुमची पाठ सोडत नाही. १९८६ च्या निकाराग्वा केसमध्ये तोच प्रश्न अमेरिकेच्या पाठिंब्याने तिथल्या सरकारशी लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांबद्दल आला तेव्हा कोर्टाने 'इफेक्टिव्ह कंट्रोल' ची कडक कसोटी लावली, म्हणजे त्या कृत्यावरच देशाचं प्रत्यक्ष नियंत्रण हवं, आणि १९९९ ला युगोस्लाव्हियासाठीच्या ट्रायब्युनलने टाडिच केसमध्ये 'ओव्हरऑल कंट्रोल' ची जरा सैल कसोटी लावली, म्हणजे सशस्त्र गटावर एकंदर नियंत्रण असलं तरी पुरे. परीक्षेत यावर प्रश्न येतोच असं मी म्हणत नाही, पण आलाच तर दोन्ही कसोट्या समोरासमोर ठेवून लिहा, नुसत्या व्याख्या उतरवू नका.

आता सिक्युरिटीची खुर्ची. केस कोर्टात चालू असताना, एप्रिल १९८० मध्ये, अमेरिकेने ओलिसांना सोडवायला लष्करी तुकडी पाठवली, ती मोहीम वाळवंटातच फसली आणि ८ सैनिक गेले. म्हणजे एका हाताने कोर्टात अर्ज आणि दुसऱ्या हाताने हेलिकॉप्टर, आणि कोर्टाने निकालात याबद्दल नाराजी नोंदवलीय, ते परिच्छेद शोधून वाचा. आणि मग डिप्लोमसी. कोर्ट म्हणालं ताबडतोब सोडा, इराण कोर्टात हजरही राहिला नव्हता, त्याने सोडलं नाही. ओलीस सुटले २० जानेवारी १९८१ ला, अल्जीरियाने मध्यस्थी केल्यावर, अमेरिकेने गोठवलेल्या इराणच्या पैशांचा हिशोब लागल्यावर आणि दोन्हीकडचे दावे ऐकायला हेगमध्ये एक वेगळं ट्रायब्युनल नेमायचं ठरल्यावर. म्हणजे ज्या इराणने कोर्टाकडे पाठ फिरवली तोच नंतर दुसऱ्या कायदेशीर मंचावर येऊन बसला. 'इंटरनॅशनल लॉला दात नसतात' असं कोणी तोंडावर फेकलं तर मी हीच गोष्ट सांगते, पूर्ण, दोन्ही अर्ध्यांसकट.

कोर्स निवडायचा असेल तर फार खोलात जात नाही, एवढंच बघा की तो एलएलएम (म्हणजे कायद्याची मास्टर्स) आहे की एमए. एलएलएमला बहुतेक ठिकाणी कायद्याची पदवी मागतात आणि तिथे तुमच्याकडून युक्तिवादाची अपेक्षा असते, एमएमध्ये थिअरी आणि इतिहास जास्त. नावावर जाऊ नका, मॉड्यूलची यादी उघडा आणि कंपल्सरी काय आहे ते बघा, कारण ब्रोशरमधले झकास ऑप्शनल विषय दरवर्षी चालतातच असं नाही.

वाचनाची सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपासून करा. १११ कलमं आहेत, एका संध्याकाळी होतात, आणि तरी अर्धा वर्ग ती सलग कधीच वाचत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कलम २(४) बळाचा वापर करायला मनाई करतं, कलम ५१ स्वसंरक्षणाची फट ठेवतं, ३९ ते ४२ मध्ये सुरक्षा परिषद काय काय करू शकते ते आहे, २५ सांगतं की परिषदेचे निर्णय सगळ्यांना पाळावे लागतात, आणि १०३ म्हणतं की इतर करार आणि सनद यांची टक्कर झाली तर सनद वरचढ. आणि कलम २७ वाचताना जरा थांबा. तिथे लिहिलंय की महत्त्वाच्या ठरावाला जी होकारार्थी मतं लागतात त्यांत कायम सदस्यांची सहमतीची मतं सामील हवीत. शब्दशः घेतलं तर पाचातला एक जरी तटस्थ राहिला तरी ठराव पडायला हवा, नाही का? पण प्रत्यक्षात तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो धरत नाहीत, परिषदेची ती प्रथा पडून गेली आणि १९७१ च्या नामिबियावरच्या सल्लागार मतात कोर्टाने तिला मान्यताही दिली. म्हणजे शब्द वाचायचे, आणि देश त्या शब्दांशी वागले कसे तेही वाचायचं. करारांचा अर्थ कसा लावायचा याचा नियमच मुळी असा आहे, १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३१ बघा, त्यात नंतरची प्रथा पण मोजायची असते.

ठराव वाचायची माझी पद्धत सोपी आहे, आधी फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. परिषद 'ठरवते' म्हणाली की बांधील, 'आवाहन करते' म्हणाली की वादाला जागा, 'अधिकार देते' म्हणाली की सावध व्हा. १९९० चा ठराव ६७८ घ्या, कुवेतमधून इराकला हटवण्यासाठीचा. त्यात युद्ध हा शब्द नाही, 'सर्व आवश्यक साधनं' असं आहे आणि सगळ्यांना माहीत होतं त्याचा अर्थ काय. इराकवरच्याच २००२ च्या ठराव १४४१ मध्ये मात्र तो शब्दप्रयोग नाही, तिथे 'गंभीर परिणाम' असं लिहिलंय आणि तो ठराव १५ विरुद्ध ० असा पास झाला, कारण प्रत्येकाला त्यात आपला अर्थ दिसत होता. २००३ च्या इराक युद्धाचा अख्खा कायदेशीर वाद या दोन शब्दप्रयोगांमधल्या फटीत उभा आहे.

दुसरं उदाहरण १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतरचा ठराव २४२. इंग्रजी मजकुरात इस्रायलने युद्धात व्यापलेल्या 'टेरिटरीज' मधून माघार घ्यावी असं आहे, त्याच्या आधी 'द' नाही. फ्रेंच मजकुरात 'दे तेरितोआर' आहे, म्हणजे व्याकरणाने 'त्या प्रदेशांतून' असा अर्थ निघू शकतो. सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, यावर आजही भांडण चालू आहे. आपल्या मराठीत 'द' ची भानगडच नाही, त्यामुळे आपला डोळा अशा ठिकाणावरून सरळ घसरत जातो, म्हणून मी मुद्दाम सांगतेय, इंग्रजी ठराव वाचताना 'द' आणि 'अ' ला पण गोल करा. जमलं तर वाचण्यापुरतं फ्रेंच शिका, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा दोनच आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच.

निकाल वाचताना पहिल्या पानापासून सुरू केलंत तर झोप येणार हे नक्की. शेवटून सुरू करा. शेवटी कोर्ट एकेक मुद्द्यावर काय ठरलं आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिलं ते देतं. मग मागे जाऊन बघा की कोर्टाला ती केस ऐकायचा अधिकार होता का, कारण बऱ्याच वेळा खरी लढाई तिथेच होते. आणि मग विरोधी मतं. १९९६ च्या अण्वस्त्रांवरच्या सल्लागार मतात सगळ्यात नाजूक मुद्द्यावर, म्हणजे ती वापरणं बेकायदेशीर आहे का यावर, ७ विरुद्ध ७ झालं आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो पार पडला. पण विरोधातले ते सात एका बाजूचे नव्हतेच, त्यातल्या तिघांना वाटत होतं की कोर्ट पुरेसं कडक बोललं नाही. फक्त आकडा वाचून निबंध लिहिला असता तर बरोब्बर उलटं लिहून बसला असता.

सिक्युरिटीच्या पेपरात थिअरीची नावं फेकायचा मोह होतो. टाळा. तिथला कामाचा प्रश्न असा की धोका कोणाला, आणि ते ठरवलं कोणी. कोपनहेगन स्कूल नावाच्या विचारप्रवाहाचे लोक सांगतात की एखाद्या गोष्टीवर 'सुरक्षेचा प्रश्न' असा शिक्का बसला आणि लोकांनी तो मान्य केला की एरवी चालली नसती अशी पावलं चालून जातात. हे एका खऱ्या भाषणाला लावून दाखवा, मार्क तिथे मिळतात. आणि शिक्क्यांचं म्हणाल तर १९६२ चं क्युबा बघा, सोव्हिएत क्षेपणास्त्रं तिथे पोचू नयेत म्हणून लावलेल्या नाकेबंदीला अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींनी नाकेबंदी म्हटलंच नाही, 'क्वारंटाइन' म्हटलं, कारण नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती. जहाजं तीच, शब्द बदलला की कायदा आणि वाटाघाटीची जागा दोन्ही बदलतात.

डिप्लोमसी वाचून येत नाही, लिहून येते. रोज एक पान लिहा, मंत्र्याला पाच मिनिटांत वाचता येईल असं: काय झालं, आपल्याला काय फरक पडतो, पर्याय कोणते, तुमची शिफारस काय. पहिली वीस पानं भिकार होतील. सुरक्षा परिषदेच्या बैठकांचे शब्दशः इतिवृत्त यूएनच्या डिजिटल लायब्ररीत फुकट मिळतात, त्यात मतदानानंतर देश आपल्या मताचं स्पष्टीकरण देतात ते वाचा, कोणी काय म्हटलं यापेक्षा कोणी काय म्हणायचं टाळलं ते शोधा. संधी मिळाली तर जेसप मूटमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या लुटुपुटुच्या खटल्यांच्या स्पर्धेत घुसा, तिथे अर्जदार आणि प्रतिवादी दोन्ही बाजूंची निवेदनं तुमच्याच टीमला लिहावी लागतात, एकदा स्वतःच्याच युक्तिवादाला स्वतः भोकं पाडली की डोकं वेगळं चालायला लागतं. यूएनच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत मोठमोठ्या लोकांची लेक्चर्स आहेत, ती पण फुकट.

डिझर्टेशनचं बोलू. माझा पहिला प्रस्ताव होता 'सुरक्षा परिषद अपयशी ठरली आहे का', तो गाइडकडून एकाच ओळीच्या शेऱ्यासह परत आला: उत्तर हो आलं तर पुढे काय कराल? तेव्हा राग आला, पण बरोबर होतं. विषय एवढा लहान करा की सगळे कागद एका टेबलावर मावतील. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेने सीरियातल्या कारवाईबद्दल यूएनला पत्र दिलं, कलम ५१ च्या आधारावर, आणि त्यात युक्तिवाद असा की यजमान देश धोका थांबवायला तयार नाही किंवा समर्थ नाही. इतर देशांनी आपापल्या पत्रांत हाच युक्तिवाद वापरला का, वेगळा वापरला का, कोणी हरकत घेतली? हा झाला प्रश्न. मोजता येतो, वाचता येतो, आणि उत्तर आधीपासून खिशात नसतं. गप्प बसलेल्या देशांचं काय करायचं, गप्प म्हणजे संमती का, या एका उपप्रश्नावरच एक चॅप्टर सहज जातो.

आणि फूटनोट. झोटेरो, म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, पहिल्या दिवशी टाका, पहिल्या दिवशी म्हणजे खरंच पहिल्या दिवशी. मी हाताने करत बसले होते, सबमिशनच्या आदल्या रात्री एक परिच्छेद वर सरकवला आणि खालचे सगळे 'इबिड' (म्हणजे 'वरचाच संदर्भ') चुकीच्या निकालाकडे बोट दाखवायला लागले, पहाटे चारपर्यंत एकेक आकडा तपासत होते. निकालाचा हवाला देताना पान नंबर नका देऊ, परिच्छेद नंबर द्या, सुरुवातीचे जुने निकाल सोडले तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालात प्रत्येक परिच्छेदाला नंबर असतो. आणि ज्या परिच्छेदाचा हवाला देताय तो स्वतः उघडून वाचलेला असू द्या, दुसऱ्याच्या लेखातून उचललेला नको, व्हायव्हात पहिला प्रश्न नेमका त्याच्यावर येऊ शकतो.