‘शुगर फ्री’ पेय लेकराला देण्याआधी
बाटलीच्या पुढची जाहिरात सोडा, मागचे बारीक आकडे वाचा. साखरेऐवजी घातलेल्या गोडव्यांचे ते क्रमांक असतात. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम, ९५१ अस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलाला ९५१ अजिबात नको. त्यातलं फेनिलअ‍ॅलनिन शरीरात साठून मेंदूला इजा करतं. ४२० (सॉर्बिटॉल) आणि ९६५ (माल्टिटॉल) आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, म्हणून जास्त झाले की पोट फुगतं, जुलाब होतात. वजन आटोक्यात ठेवायला ९५०, ९५१, ९५५, ९६० असे गोडवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय.

परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात लेकराला जुलाब लागले, तर मात्र ‘साखर नको’चा हट्ट सोडा. ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात चांगलं जातं. सुक्रालोजला ते जमत नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच कालवा. पुडी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर घातक.

एरवी रोजच्या सरबतातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. ताकाला तर तीही लागत नाही.