पाळतीच्या अर्जातली बाहेरची खबर कशी तपासायची

सरकारी यंत्रणा बाहेरच्या माणसाच्या खबरीवर नागरिकावर पाळत ठेवते, तेव्हा तिची कागदपत्रे कशी वाचायची? सरावाला अमेरिकेतले कार्टर पेज प्रकरण उत्तम. पेज हा ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचारमोहिमेचा सल्लागार, रशियाशी संबंधांच्या संशयावरून त्याच्यावर पाळत ठेवली गेली. एफबीआयचे फिसा न्यायालयातले (हेरगिरीच्या संशयावरून पाळतीला परवानगी देणारे गुप्त न्यायालय) चारही अर्ज (४१२ पाने, बरीचशी काळी केलेली) जुलै २०१८ मध्ये खुले झाले, न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये आला. दोन्ही शेजारी ठेवा.

आधी खबरीची साखळी काढा: कोणी ऐकले, कोणाला सांगितले, कोणी लिहिले. इथे लिहिणारा माजी ब्रिटिश गुप्तहेर क्रिस्टोफर स्टील. त्याला सांगणारा एक मुख्य माहितगार, आणि त्याला सांगणारे आणखी तिसरेच. अर्जात मात्र भर होता स्टीलच्या जुन्या कामगिरीवर. ती फार तर लिहिणाऱ्याबद्दल सांगते, मूळ सांगणाऱ्याबद्दल नाही. प्रत्येक नावापुढे लिहा: याला हे कळायची सोय होती का?

मग दुजोरा वेगळ्या माणसाचा आहे का ते पाहा. अर्जात २३ सप्टेंबर २०१६ ची याहू न्यूजची बातमी होती. तिच्यामागेही स्टीलच होता, पण त्याने ती थेट दिली नसावी असे अर्जात म्हटले होते. म्हणजे बातमीची तारीख, खबरीची तारीख आणि खबऱ्या त्या काळात पत्रकारांना भेटला का, हे तिन्ही जुळवून पाहायचे. खबर गोळा करायला पैसे कोणाचे हे तळटिपेत सापडते, तेही आडून. इथे ते डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे, एका वकिली फर्ममार्फत आलेले होते.

सगळ्यात फसवे वाक्य म्हणजे ‘माहिती पडताळली आहे’. एफबीआयमध्ये २००१ पासून वुड्स कार्यपद्धती आहे: अर्जातल्या प्रत्येक विधानामागे फायलीत कागद हवा. पण खबऱ्याच्या विधानासाठी ‘तो असे म्हणाला’ दाखवणारा कागद पुरतो. तो जे म्हणाला ते खरे का, हे ती फाईल विचारतच नाही. आणि ही मर्यादित तपासणीसुद्धा नीट होत नव्हती. महानिरीक्षकांनी २०२० मध्ये इतर २९ अर्ज पाहायला घेतले, तर चारांच्या फायलीच मिळाल्या नाहीत आणि उरलेल्या २५ पैकी प्रत्येकात चुका निघाल्या, बहुतेक किरकोळ असल्या तरी.

खरी गंमत मुदतवाढीत असते, तिथे सर्वाधिक वेळ द्या. परवानगी ९० दिवसांची. पहिली ऑक्टोबर २०१६ ची, पुढे जानेवारी, एप्रिल आणि जून २०१७ ची. जानेवारीच्या अखेरीस एफबीआयने मुख्य माहितगाराला गाठले. बरेचसे ऐकीव, गप्पांतले होते, असे तो म्हणाला. पुढच्या दोन अर्जांत तो ‘प्रामाणिक आणि सहकार्य करणारा’ म्हणून आला, त्याचे म्हणणे स्टीलच्या अहवालाशी जुळत नाही हे मात्र आले नाही. नेमक्या याच दोन अर्जांना पुरेसा आधार नव्हता, हे न्याय खात्याने पुढे मान्य केले. म्हणून प्रत्येक मुदतवाढीचा मजकूर आधीच्या मजकुराशी ओळीला ओळ लावून पाहा. मधल्या काळात काय कळले आणि ते कुठे गेले, ते शोधा. दुसऱ्या संस्थेच्या पत्राचा गोषवारा दिला असेल तर मूळ पत्र मागा. एफबीआयच्या एका वकिलाने सीआयएच्या ई-मेलमध्ये पेज (सीआयएचा) ‘स्रोत नव्हता’ असे शब्द घुसडले होते. २०२० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

पण उलट टोकही गाठू नका. महानिरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात अर्जांतल्या १७ गंभीर चुका नोंदल्या आहेत आणि एफबीआयला ट्रम्प-मोहीम आणि रशिया यांच्या संबंधांचा तपास सुरू करायला पुरेसे कारण होते, हेही. राजकीय हेतूने तो सुरू झाल्याचा पुरावा सापडला नाही.

भारतात मात्र हे तंत्र अडते. फोन टॅपिंगला न्यायालयाची नव्हे, गृहसचिवांची परवानगी लागते आणि खबर सहसा बाहेर येत नाही. मग आधी कायद्याची अट तपासा: मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश रद्द केले, ते खबर खोटी म्हणून नव्हे, तर सार्वजनिक सुरक्षेची अट पुरी होत नव्हती म्हणून.